धम्मलिपीची किल्ली शोधणारा टांकसाळीतला माणूस : जेम्स प्रिन्सेप

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की भगवान बुद्ध, सम्राट अशोक आणि परमपूज्य बाबासाहेब यांच्यावरचे लेख तीत असतातच, आणि ते असायलाच हवेत. यंदा त्यांच्या जोडीला आम्ही एका वेगळ्या माणसाची ओळख आमच्या उपासक-उपासिकांना करून देणार आहोत. हा माणूस भिक्खू नव्हता, बौद्धही नव्हता. तो इंग्रज होता, ईस्ट इंडिया कंपनीचा पगारी नोकर होता आणि टांकसाळीत चांदीचा कस पाहणे हा त्याचा धंदा होता. पण सम्राट अशोकाने दगडावर कोरलेली अक्षरे जी दीड हजार वर्षांहून जास्त काळ मुकी झाली होती, ती या माणसाने बोलती केली. त्याचे नाव जेम्स प्रिन्सेप.

आधी त्या काळची स्थिती ध्यानात घेऊ. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या देशात अशोकाचे स्तंभ उभे होते, लेणी होती, स्तूप होते. त्यांच्यावर अक्षरेही होती. पण वाचणारा कुणी नव्हता. पुराणांतल्या राजांच्या यादीत मौर्य घराण्यात अशोकाचे नाव येते, तेवढेच. तो कसा राजा होता, त्याने काय केले, हे इथल्या शाळा-पाठशाळांत कुणाला ठाऊक नव्हते. चौदाव्या शतकात दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने तोपरा आणि मेरठ इथले दोन मोठे स्तंभ दिल्लीला आणवले. त्यांवरचा लेख वाचण्यासाठी त्याने विद्वान बोलावले, पण कुणालाच तो वाचता आला नाही. लोक त्या स्तंभांना भीमाची काठी म्हणत. आपल्याकडेही तेच झाले. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना लोकांनी पांडवलेणी म्हणून टाकले, आणि ते नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. अक्षर वाचता आले नाही की आपल्या घराला लोक दुसऱ्याचे नाव देतात, ते हे असे!

जेम्स प्रिन्सेप यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजी इंग्लंडमध्ये झाला. आईबापांचे हे दहावे अपत्य. वडील जॉन प्रिन्सेप तरुणपणी जवळजवळ रिकाम्या हाताने हिंदुस्थानात आले आणि निळीच्या व्यापारात मोठा पैसा कमावून मायदेशी परतले. पुढे त्या पैशाला ओहोटी लागली. घरात मुले पुष्कळ, तेव्हा प्रत्येकाला कुठेतरी चिकटवणे भाग होते. जेम्सला नकाशे काढायची, बारीक कलाकुसर करायची भारी आवड. त्याला इमारतींचा शिल्पकार व्हायचे होते आणि त्याने तसे शिक्षणही सुरू केले. पण डोळ्यांना आजार जडला आणि तो मार्ग बंद झाला. मग रसायनशास्त्र शिकून लंडनच्या टांकसाळीत धातूंचा कस लावण्याचे काम त्याने शिकून घेतले. १८१९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तो कलकत्त्याला उतरला.

लवकरच त्यांची नेमणूक बनारसच्या टांकसाळीत झाली आणि तिथे ते १८३० पर्यंत राहिले. कामाची वेळ संपली की पाय लांब करून बसणारा हा साहेब नव्हता. त्यांनी बनारस शहराचा नकाशा तयार केला, घाटांची आणि गल्ल्यांची चित्रे काढली, पाणी तुंबून रोगराई पसरायची म्हणून भुयारी मोरी बांधून त्या पाण्याला गंगेकडे वाट करून दिली. कर्मनाशा नदीवर पूल बांधला. औरंगजेबाच्या मशिदीचे मिनार डळमळीत झाले होते, ते सावरले. हवेतील उष्णतेच्या रोजच्या नोंदी ठेवल्या. धातू तोलण्यासाठी इतका नाजूक तराजू बनवला की एका ग्रेनचा तीन हजारावा भाग त्यावर कळत असे. ग्रेन म्हणजे गव्हाच्या दाण्याच्याच आसपासचे वजन, त्याचे तीन हजार भाग करा आणि त्यातला एक घ्या! १८२८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्य करून घेतले. तेव्हा ते जेमतेम एकोणतीस वर्षांचे होते.

बनारसची टांकसाळ बंद झाल्यावर ते कलकत्त्याला आले आणि १८३२ साली तिथल्या टांकसाळीचे मुख्य पारखी झाले. त्या काळी मुलखामुलखाचा रुपया वेगळा आणि वजनमापेही वेगळी. बाजारात सामान्य माणसाची नागवणूक होई ती यातच. सगळीकडे एकच रुपया आणि एकच वजन असावे यासाठी प्रिन्सेप झटले. १८३५ मध्ये कंपनीच्या सगळ्या मुलखात १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया कायद्याने चालू झाला. हेच वजन म्हणजे एक तोळा, आजच्या हिशेबाने सुमारे ११.६६ ग्रॅम. हल्ली सोनार दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतो ते सोडा, पण आपल्या आया-आज्यांच्या तोंडी असलेल्या तोळ्याचे वजन पक्के करण्यात या माणसाचा हात होता, हे आमच्या वाचकांना ऐकून नवल वाटेल.

नाण्यांचा कस लावता लावता त्यांना जुन्या नाण्यांचे वेड लागले. कलकत्त्यात १७८४ पासून एशियाटिक सोसायटी ही विद्वानांची संस्था होती. प्रिन्सेप तिचे चिटणीस झाले आणि १८३२ पासून त्यांनी तिचे मासिक चालवायला घेतले. गावोगावच्या लष्करी अधिकाऱ्यांना, डॉक्टरांना, पाद्र्यांना, इंजिनियरांना त्यांनी कळवले की जुने नाणे सापडले, दगडावर अक्षर दिसले, तर त्याची हुबेहूब नक्कल आमच्याकडे पाठवा. हळूहळू देशाच्या कानाकोपऱ्यांतून ठसे आणि नकला त्यांच्या टेबलावर येऊन पडू लागल्या. अलेक्झांडर कनिंगहॅम नावाचा तरुण लष्करी इंजिनियर याच सुमारास त्यांच्या नादी लागला. त्याने सारनाथच्या स्तूपात खोदकाम केले. या कनिंगहॅमचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

आता मुख्य गोष्ट. दिल्ली, अलाहाबाद आणि बिहारमधील स्तंभांवर एकाच वळणाची अक्षरे होती. आपण जिला ब्राह्मी म्हणतो आणि आपल्यातले पुष्कळ जण जिला धम्मलिपी म्हणतात, ती ही लिपी. अक्षरे तशी साधी, सुटसुटीत. अधिकाचे चिन्ह असावे तसे एक, पोकळ वर्तुळासारखे दुसरे, उलट्या टी-सारखे तिसरे. पण कुठले अक्षर कुठल्या उच्चाराचे, हे कळायचे कसे? काहींना ती ग्रीक वाटली. प्रिन्सेप यांनी अंदाज बांधत बसण्याऐवजी कस लावायची आपली सवय इथे वापरली. त्यांनी सगळी अक्षरे मोजली, एकाखाली एक मांडली, कुठले चिन्ह किती वेळा येते याची नोंद केली. तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक, वेगवेगळ्या स्तंभांवरचा मजकूर बराचसा एकच आहे. दुसरी, मूळ अक्षराला वर-खाली, आजूबाजूला लहान रेघा जोडून त्याची रूपे बनतात. म्हणजे आपली बाराखडीच की! क, का, कि, की अशीच ही लिपी चालते, एवढे १८३४ मध्ये कळले. आपल्या कार्ल्याच्या लेण्यातील लेखांवरून रेव्हरंड स्टीव्हन्सन यांनीही त्याच सुमारास काही अक्षरे ओळखण्याचा प्रयत्न केला. १८३६ मध्ये जर्मन विद्वान लासेन यांनी एका नाण्यावरचे राजाचे नाव वाचले. नाण्याच्या एका बाजूला ग्रीक असल्याने ते जमले. पण कुलूप अजून पुरते उघडत नव्हते.

ते उघडले १८३७ साली, सांचीच्या दगडांवरून. कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवर कोरलेल्या छोट्या छोट्या लेखांच्या नकला पाठवल्या. मोठ्या स्तंभलेखांपुढे हे लेख म्हणजे एकेका ओळीचे तुकडे. मासिकात छापण्यासाठी त्या नकला ओळीने लावत असताना प्रिन्सेप यांच्या लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, आणि दुसऱ्यावर टिंब असते. सगळ्यांच्या शेवटी सारखेच असेल असे काय? हे एकाच मोठ्या मजकुराचे तुकडे नव्हेत, एवढे उघड होते. मग ही मृतांची स्मारके तरी असावीत, नाहीतर देणगीदारांच्या पाट्या. ब्रह्मदेशातील बौद्ध मंदिरांत दान देणारे आपले नाव कोरून ठेवतात, हे त्यांना ठाऊक होते. तेव्हा शेवटचा शब्द दानं असणार! त्याच्या आधी बहुतेक ठिकाणी एक ठरावीक अक्षर येई. जुन्या नाण्यांचा अभ्यास करताना ते अक्षर स असल्याचे त्यांनी ताडले होते, आणि पालीत हा स म्हणजे आपला चा-ची-चे. अमक्याचे दान, तमकीचे दान. झाले! द सापडला, न सापडला, अनुस्वार सापडला. त्या धाग्याने थोड्याच वेळात जवळजवळ सगळी अक्षरमाला हाती आली.

आमच्या मते या चरित्रात सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. सम्राटाच्या लेखाचे कुलूप सम्राटाच्या लेखाने उघडले नाही. ते उघडले साध्यासुध्या माणसांच्या दानाने. सांचीचे ते दाते कोण होते? भिक्खू होते, भिक्खुणी होत्या, गृहस्थ होते, त्यांच्या बायका आणि आया होत्या, व्यापारी, विणकर, सुतार, लेखनिक होते. विदिशेच्या हस्तिदंतावर काम करणाऱ्या कारागिरांनी तिथल्या एका तोरणाचे काम केले. कुणी एक खांब दिला, कुणी कठड्याची एक पट्टी दिली आणि आपले नाव कोरून ठेवले. आपल्या विहारातही बाक, पंखा, फरशी यांवर दात्याचे नाव असते. ते वाचून कुणी कुणी हसतो. पण अशाच नावांच्या पाट्यांनी दोन हजार वर्षांनंतर एका हरवलेल्या राजाचा पत्ता सांगितला, हे हसणाऱ्याने विसरू नये.

किल्ली हाती येताच प्रिन्सेप दिल्लीच्या ४२ फुटी स्तंभाकडे वळले. प्रत्येक लेखाच्या सुरुवातीला देवानंपिय पियदसि असे राजाचे नाव निघाले. हा राजा रस्त्याच्या कडेला वड लावतो, आमराया लावतो, विहिरी खणतो, वाटसरूंसाठी निवारे बांधतो, प्राण्यांची हत्या थांबवा म्हणतो. असा राजा कोण? इथल्या कुठल्याच ग्रंथात हे नाव सापडेना. श्रीलंकेत देवानंपिय तिस्स नावाचा राजा होऊन गेला होता, तेव्हा प्रिन्सेप यांना आधी तोच वाटला. पण लंकेच्या राजाचे लेख दिल्लीत कसे? उत्तर लंकेहूनच आले. तिथे जॉर्ज टर्नर नावाचा सरकारी अधिकारी पाली शिकून महावंसाचे भाषांतर करीत होता. त्याला दीपवंसात स्पष्ट उल्लेख सापडला की पियदसि म्हणजेच अशोक, चंद्रगुप्ताचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा. प्रिन्सेप यांनी आपला आधीचा तर्क तिथल्या तिथे मागे घेतला आणि खरे ते आपल्याच मासिकात छापले.

इथे क्षणभर थांबायला हवे. ज्या भूमीवर अशोकाने राज्य केले तिथे त्याची ओळख पुसली गेली, आणि समुद्रापलीकडे श्रीलंकेच्या विहारांत ती टिकली. कशी टिकली? ताडपत्र जीर्ण झाले की भिक्खूंनी त्याची नवी नक्कल केली, ती जीर्ण झाली की पुन्हा नवी. पिढ्यान् पिढ्या हे काम चालले. त्यांना कुणी विचारले असते की या जुन्या राजांच्या याद्या उतरवून काय मिळणार, तर त्यांना काय सांगता आले असते? पण ती नक्कल नसती तर पियदसि हा नुसता अनोळखी राजा राहिला असता. विहार म्हणजे वंदनेची जागा तर खरीच, पण वाचलेले जपण्याची जागाही आहे, हे यावरून दिसते.

१८३८ मध्ये गुजरातमधील गिरनारच्या खडकावरचा लेख प्रिन्सेप यांच्या हाती आला. मुंबईचे रेव्हरंड जॉन विल्सन यांनी त्याची नक्कल मिळवली होती. ओरिसातील धौलीच्या खडकाची नक्कल किट्टो या लष्करी अधिकाऱ्याने पाठवली. शेकडो कोस दूर असलेल्या या दोन खडकांवर बराचसा मजकूर एकच! माणसांना आणि जनावरांना औषधोपचार मिळावा अशी व्यवस्था राजाने केल्याचे त्यात होते, दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये हेही होते. आणि गिरनारला अंतियोक, तुरमाय अशी ग्रीक राजांची नावे होती. त्या राजांचा काळ ठाऊक होता, त्यामुळे अशोकाचा काळही ठरला : इसवी सनापूर्वीचे तिसरे शतक. आपल्या देशाच्या प्राचीन इतिहासाला सन-सनावळीचा एक पक्का खुंटा मिळाला तो तिथे.

पण शरीराने दगा दिला. दिवसभर टांकसाळ, रात्री लेख, शिवाय मासिकाचे काम. १८३८ साली डोकेदुखीने घेरले आणि आजार मेंदूत शिरला. वर्ष संपण्याआधी त्यांना जहाजाने इंग्लंडला न्यावे लागले. गेलेली बुद्धी परत आली नाही. ज्या माणसाने हजारो वर्षांची विस्मृती दूर केली, त्याची स्वतःची स्मृती हरपली. २२ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे चाळीस. मागे पत्नी हॅरिएट आणि लहानगी मुलगी. कलकत्त्याच्या लोकांनी हुगळीच्या काठी त्यांच्या नावाचा घाट बांधला. तो आजही प्रिन्सेप घाट म्हणूनच ओळखला जातो.

आता कुणी विचारील की कंपनी सरकारच्या नोकराचे एवढे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. कंपनी इथे लुटायला आली होती, आणि निळीच्या धंद्यात शेतकऱ्यांचे काय हाल झाले हे सर्वांना माहीत आहे. शिवाय हे काम एकट्याचेही नाही. कमलाकांत विद्यालंकार यांच्यासारखे पंडित प्रिन्सेप यांच्या शेजारी बसून संस्कृत-प्राकृताचा अर्थ लावीत होते. उन्हातान्हात खडकावर कापड लावून ठसे घेणाऱ्या कित्येक हातांची तर नावेही कुणी लिहून ठेवली नाहीत. हे सगळे मान्य करूनही आम्हांला वाटते की प्रिन्सेप यांचा गुण घेण्यासारखा आहे. त्यांनी दगडावर स्वतःचे मत लादले नाही. आधी मोजले, ताडून पाहिले, चुकले तिथे दुरुस्त केले. ऐकले म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही शिकवण आपल्याला नवी नाही. सोने जसे तापवून, कापून, घासून पारखतात, तशी परीक्षा करण्याची ही रीत बौद्ध परंपरेत जुनीच आहे. आणि हा माणूस तर पेशानेच पारखी!

त्यांनी लावलेले झाड पुढे फोफावले. कनिंगहॅम १८६१ मध्ये सरकारी पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख झाले आणि १८७७ मध्ये त्यांनी अशोकाचे लेख एकत्र ग्रंथरूपाने छापले. १८८२ साली आपल्या नालासोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ मध्ये त्याच परिसरात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. म्हणजे सम्राटाचे शब्द आपल्या कोकणकिनाऱ्यावरही कोरलेले होते. १९१५ मध्ये रायचूर जिल्ह्यातील मास्की येथे मिळालेल्या लेखात अशोक हे नावच कोरलेले निघाले आणि टर्नर-प्रिन्सेप यांचे म्हणणे दगडानेच खरे ठरवले. २२ जुलै १९४७ रोजी धम्मचक्र राष्ट्रध्वजावर आले, २६ जानेवारी १९५० रोजी सारनाथचे सिंह राष्ट्राची मुद्रा झाले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपूरला लाखो लोकांना धम्माची दीक्षा दिली. त्या दिवसाच्या नावातला अशोक आपल्याला ओळखीचा वाटतो. पण त्याच्या आधी सव्वाशे वर्षेही झाली नव्हती, की हिंदुस्थानात त्याचे स्तंभ कुणालाच वाचता येत नव्हते.

आपल्यापैकी पुष्कळ जण सहलीला कार्ला, भाजे, कान्हेरी, जुन्नरला जातात. फोटो काढतात, डबे सोडतात, परत येतात. कार्ल्याच्या चैत्यगृहात वैजयंतीच्या भूतपाल सेठचे नाव आहे. दाराचे काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे, तो वेणुवासाचा मुलगा. धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेले खांब आहेत. सगळे आपापली नावे घेऊन तिथे उभे आहेत आणि आपण त्यांच्यासमोरून न वाचता निघून येतो. ही लिपी अवघड नाही. ज्याला बाराखडी येते त्याला महिन्याभरात ओळखता येईल. विहारातल्या रविवारच्या वर्गात मुलांना आधी तीनच गोष्टी शिकवा : द, न आणि अनुस्वाराचे टिंब. मग त्यांना लेण्यात न्या आणि ओळीचा शेवट शोधायला सांगा. दानं हा शब्द ती मुले आपल्या बोटाने दाखवतील. मग त्याच्या आधीचे नाव कुणाचे, हे ती स्वतःहूनच विचारतील.